हेक्झेनमधलं लायपेज कधी चालतं, कधी रुसतं : आधी काय तपासायचं

तक्रार दरवर्षी येते आणि जवळजवळ त्याच शब्दांत येते. एस्टर बनवायला ओलिक आम्ल आणि ब्युटेनॉल हेक्झेन या सॉल्व्हंटमध्ये घेतलं, लायपेजची (म्हणजे तेल तोडणाऱ्या एन्झाईमची) पूड टाकली, फ्लास्क शेकरवर चढवला. ऑगस्टमध्ये अभिक्रिया झपाट्याने निघाली, पण निम्म्यावर येऊन अडली आणि पूड बुडाला चिकट गोळा होऊन बसली. एप्रिल-मेमध्ये तीच बाटली, तीच मापं. पूड छान सुटी राहिली, पण उरलेलं आम्ल मोजणाऱ्या टायट्रेशनचं सकाळचं रीडिंग संध्याकाळीही तेच. आणि मधेच मेमधल्या एखाद्या दिवशी सगळं सुरळीत! मग कोणीतरी म्हणतंच, "सर, एन्झाईम मेलं वाट्टे. नवीन बाटली मागवा ना."

नागपूरहून नवीन बाटली येते, पैसे जातात, आणि ती बाटलीही तसंच करते. तालुक्याच्या कॉलेजात सरकीच्या, जवसाच्या किंवा मोहाच्या तेलावर लायपेजचे प्रोजेक्ट बरेच होतात, कारण तेल गावातच मिळतं आणि ब्युरेट सगळ्यांकडे असतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. बहुतेक वेळा एन्झाईमला काहीही झालेलं नसतं. त्याच्या अंगावर पाणी किती आहे, हे आपण मोजत नाही आणि आपल्याकडची हवा ते आपल्या नकळत बदलत राहते. सगळी भानगड तिथे आहे.

आधी पाण्यात तपासा

बाटलीला दोष देण्याआधी हे करा. सातच्या आसपास पीएच असलेल्या बफरमध्ये खायचं तेल डिंकाच्या पाण्यासोबत घुसळून इमल्शन करा, त्यात पूड टाका आणि ३७ अंशांवर ठेवा. (मे महिन्यात आपल्याकडे ३७ अंश राखायला बाथमध्ये गार पाणी ओतावं लागतं, तो भाग वेगळा.) थोड्या-थोड्या वेळाने नमुना काढून सौम्य कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) टायट्रेट करा. आम्ल वाढत असेल तर एन्झाईम जिवंत आहे. सोबत एन्झाईम न टाकलेला एक ब्लँक ठेवा, नाहीतर जुन्या तेलातलं आधीचंच आम्ल मोजत बसाल.

इथे काम उलटं चाललेलं असतं, हे ध्यानात ठेवा. पाण्यात लायपेज तेल तोडतं, म्हणजे एस्टरचं आम्ल आणि अल्कोहोल करतं. एक लिटर पाण्यात पाण्याचे सुमारे ५५ मोल असतात. एवढ्या गर्दीत समतोल तोडण्याच्याच बाजूला झुकणार. हेक्झेनमध्ये पाणी जवळपास नसतं, म्हणून तेच एन्झाईम, तीच सक्रिय जागा, आता आम्ल आणि अल्कोहोल जोडून एस्टर बनवतं. उत्प्रेरक दिशा ठरवत नाही, तो फक्त समतोलापर्यंत लवकर पोचवतो. त्यामुळे पाण्यातली चाचणी पास झाली, तर एन्झाईमची चौकशी थांबवून हेक्झेनच्या फ्लास्ककडे वळायला हरकत नाही.

दोन्हीकडच्या वेगांची तुलना मात्र करू नका. पाण्यात प्रथिनाचा रेणू-रेणू मोकळा असतो. हेक्झेनमध्ये पूड विरघळतच नाही, ती कणांच्या रूपात तरंगते आणि आतल्या कणांपर्यंत आम्ल धड पोचतही नाही. "विरघळलं नाही सर" ही तक्रार म्हणूनच निकालात काढावी. ते विरघळायचंच नसतं. कायमोट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाईमची ऑक्टेनमधली (हेक्झेनसारख्याच सॉल्व्हंटमधली) क्रियाशीलता पाण्याच्या तुलनेत दहा हजार ते लाख पटींनी कमी भरते. लायपेजचं एवढं वाईट नसतं. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर काम करण्याची त्याला मुळातच सवय आहे.

हवेतली आर्द्रता हाच खरा आकडा

हेक्झेनमध्ये पाण्याचे थेंब टाकून "०.१ टक्का पाणी", "०.५ टक्का पाणी" असे तक्ते रिपोर्टात दिसतात. त्यातून फारसं कळत नाही. तेवढंच पाणी हेक्झेनमध्ये टाकलं तर जवळजवळ सगळं एन्झाईमच्या पुडीवर जाऊन बसतं. इथाइल ॲसिटेटमध्ये टाकलं तर बहुतेक सॉल्व्हंटच पिऊन टाकतं आणि एन्झाईम कोरडं राहतं. एन्झाईमला टक्केवारीशी देणंघेणं नाही. त्याच्या वाट्याला येणारं पाणी ठरतं ते जलक्रियतेवरून (वॉटर ॲक्टिव्हिटी), म्हणजे पाणी किती मोकळं आहे हे सांगणाऱ्या शून्य ते एकच्या मापाने. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या पीटर हॅलिंग यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षं लावून धरला. लायपेजची पूड वेगवेगळ्या सॉल्व्हंटमध्ये घेऊन पाहिली, तर तिचा वेग टक्केवारीप्रमाणे नव्हे, जलक्रियतेप्रमाणे एकसारखा चढतो-उतरतो.

आता आपल्या कामाची गोष्ट. हवेच्या संपर्कात पुरेसा वेळ राहिलेल्या पुडीची जलक्रियता म्हणजे त्या हवेची सापेक्ष आर्द्रता भागिले शंभर. हवामानाच्या बातमीत येणारा आर्द्रतेचा टक्का हाच तुमच्या लायपेजचाही आकडा, फक्त तो तुमच्या खोलीतला हवा.

विदर्भात हा आकडा किती हलतो ते पाहा. मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली-वर असते. पूड बशीत पसरून उघडी राहिली की जलक्रियता ०.२ कडे सरकते. झडीच्या दिवसांत खोलीतली आर्द्रता ऐंशी-नव्वदला जाते, म्हणजे ०.८ ते ०.९. एवढ्या फरकात एन्झाईम एकसारखं वागेल ही अपेक्षाच चुकीची.

आणि मेमधला तो सुरळीत गेलेला दिवस? त्या दिवशी कूलर चालू होता. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दारात लावला की प्रयोगशाळेतली आर्द्रता सहज दुप्पट-तिप्पट होते. कूलरसमोरच्या टेबलावर वजन केलेली पूड आणि लाईन गेल्यावर बंद खोलीत वजन केलेली पूड, कागदावर दोन्ही "१०० मिलिग्रॅम". प्रत्यक्षात ती दोन वेगळी एन्झाईम्स आहेत. जर्नलमध्ये तापमान सगळे लिहितात, कूलर चालू होता की बंद हे कोणी लिहीत नाही. एक साधा डिजिटल आर्द्रतामापक आणून तराजूशेजारी ठेवा. तोही नसेल तर भूगोल विभागात ओल्या-कोरड्या गोळ्याचा तापमापक धूळ खात पडलेला असतो, तो मागून आणा.

कोणत्या लायपेजला किती पाणी लागतं हेही वेगवेगळं आहे. कँडिडा अंटार्क्टिकाचं लायपेज-बी, जे बहुधा रेझिनच्या मण्यांवर बसवलेलं येतं, ते अगदी कोरड्यातही खुशाल काम करतं. मेमध्ये त्याची तक्रार क्वचितच. ऱ्हायझोम्युकर मिहेईच्या लायपेजचा उत्तम बिंदू ०.५५ च्या आसपास. कँडिडा रुगोसाची स्वस्त पूड, जी आपल्याकडे सर्रास येते, तिला याहून जास्त ओल लागते. उन्हाळ्यात रुसते ती बहुतेक हीच.

मुळात पाणी लागतंच कशाला? प्रथिनाच्या घड्या थोड्याफार हलल्याशिवाय उत्प्रेरण होत नाही, आणि ती लवचीकता पाण्याने येते. पण त्यासाठी लागणारं पाणी फारच थोडं. कायमोट्रिप्सिनच्या एका रेणूला पन्नासहून कमी पाण्याचे रेणू पुरतात, आणि त्याच्या सगळ्या पृष्ठभागावर एक थर द्यायला पाचशेच्या आसपास लागले असते. एवढ्याशा पाण्याचा हा खेळ असल्यामुळेच कूलरची हवा निकाल फिरवू शकते.

उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा, त्यात तिवईवर पुडीची बशी ठेवा आणि रात्रभर, शक्यतो दोन रात्री, तशीच राहू द्या. मॅग्नेशियम क्लोराइड ०.३३ देतं, पोटॅशियम कार्बोनेट ०.४३, मॅग्नेशियम नायट्रेट ०.५३, साधं मीठ ०.७५. हे २५ अंशांचे आकडे. आपल्या उन्हाळ्यात मॅग्नेशियम नायट्रेट थोडं खाली घसरतं, मीठ मात्र पंचवीस काय नि चाळीस काय, ०.७५ वरच ठाम. बरणीच्या तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलंच पाहिजे. सगळं विरघळलं असेल तर द्रावण संपृक्त नाही आणि आकड्याला अर्थ नाही. हेक्झेनही दुसऱ्या बंद बरणीत त्याच मिठाच्या द्रावणासोबत ठेवून द्या, म्हणजे ते पुडीचं पाणी ओढणार नाही.

फ्रिजचीही एक गंमत आहे. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेली गार बाटली लगेच उघडली, की आतल्या पुडीवर दव धरतं. बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. एवढ्या एका सवयीने बरीच एन्झाईम्स वाचतील.

ऑगस्टमध्ये निम्म्यावर का अडतं

पावसाळ्यात पूड आधीच ओली असते, पण खरं पाणी अभिक्रियेतूनच येतं. हिशोब करून पाहा. ५० मिलिलिटर हेक्झेनमध्ये ०.१ मोलर ओलिक आम्ल म्हणजे ५ मिलिमोल, वजनाने १.४ ग्रॅम. सगळं एस्टर झालं तर तेवढेच मिलिमोल पाणी निघतं, म्हणजे ९० मिलिग्रॅम. ५० मिलिलिटर हेक्झेनमध्ये फार तर तीन-चार मिलिग्रॅम पाणी मावतं. ब्युटेनॉलमुळे थोडं जास्त धरा. बाकीचं जाणार कुठे? फ्लास्कमध्ये पाणी धरून ठेवणारी दुसरी वस्तू एकच आहे, तुमची १०० मिलिग्रॅम पूड. तिने स्वतःच्या वजनाएवढं पाणी प्यायलं की तिचा चिखल होतो, कण एकमेकांना चिकटतात, आम्लाला आत जायला वाट राहत नाही, आणि शिवाय पाणी जमल्यामुळे समतोलही परत तोडण्याकडे खेचला जातो. निम्म्यावर अडण्याचं कारण हेच.

त्यासाठी मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी शोषणारे सच्छिद्र मणी, वापरा, तीन ॲंगस्ट्रॉमचे. पाण्याचा रेणू त्यांच्या छिद्रांत शिरतो, ब्युटेनॉल शिरत नाही. ते स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास पाणी धरतात, म्हणजे वरच्या हिशोबाला अर्धा ग्रॅम पुरावा. एक ग्रॅम टाका. पण सुरुवातीलाच टाकू नका, नाहीतर एन्झाईमच्या अंगावरचं गरजेचं पाणीही ओढून घेतील आणि पावसाळ्यात उन्हाळा होईल. अभिक्रिया चांगली निघाली की तासाभराने टाका. चुंबकी कांडीने ढवळाल तर सीव्हचे मणी आणि रेझिनवरचं एन्झाईम दोन्ही दळलं जाईल, त्यापेक्षा शेकर बरा.

सीव्ह परत वापरण्याआधी "ओव्हनमध्ये वाळवले" असं सांगितलं जातं. ११० अंशांच्या ओव्हनमध्ये सीव्हचं पाणी धड निघत नाही. मफल फर्नेसमध्ये २५० ते ३०० अंशांवर काही तास द्यावे लागतात. ओल्याच सीव्हवर विश्वास ठेवून चाललेले प्रयोग मी इतके पाहिले आहेत की आता आधी सीव्हचीच चौकशी करतो.

"हेक्झेन संपलं म्हणून ॲसिटोन घेतलं"

हे वाक्य ऐकलं की पुढचं विचारायची गरज नसते. पाण्यात मिसळणारं सॉल्व्हंट एन्झाईमला सोसणारं असेल, असा समज पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात उलटं आहे. ॲसिटोन, मिथेनॉल, डायॉक्सेन ही पाण्याची नाती जोडणारी सॉल्व्हंट्स एन्झाईमच्या अंगावरचं पाणी ओरबाडून नेतात. हेक्झेनला पाण्याचा तिटकारा, म्हणून ते पाणी जिथल्या तिथे राहतं. डायमिथाइल सल्फॉक्साइड तर बऱ्याच प्रथिनांना विरघळवून त्यांच्या घड्याच उलगडतं.

निवडीसाठी लॉग-पी पाहायची पद्धत आहे. सॉल्व्हंट ऑक्टेनॉल आणि पाणी यांच्यात कसं वाटलं जातं, त्याचा हा लॉगरिदम. १९८७ साली लाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला ढोबळ नियम असा : दोनच्या खाली नको, दोन ते चारमध्ये भरवसा नाही, चारच्या वर बिनधास्त. ॲसिटोन शून्याच्याही खाली, टोल्युइन अडीच, हेक्झेन साडेतीनच्या वर, हेप्टेन चारच्या आसपास, आयसोऑक्टेन साडेचार.

सगळ्यात वाईट म्हणजे अर्धं पाणी, अर्धं ॲसिटोन. पाण्यामुळे प्रथिन लवचीक होतं आणि मग सॉल्व्हंट त्याला सहज उलगडतं. शुद्ध पाण्यात किंवा जवळपास कोरड्या हेक्झेनमध्ये टिकणारं एन्झाईम या मिश्रणात लवकर मरतं.

उष्णतेने मेलं असेल का?

पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, त्यात फ्रिज बंद, म्हणून ही शंका सगळ्यांना येते. कोरड्या पुडीला त्याने काही होत नाही. एमआयटीमधले ॲलेक्स झॅक्स आणि अलेक्झांडर क्लिबानोव्ह यांनी १९८४ मध्ये डुकराच्या स्वादुपिंडाचं लायपेज जवळजवळ कोरड्या सेंद्रिय माध्यमात १०० अंशांवर ठेवलं. पाणी ०.०२ टक्के असताना त्याचं अर्धायुष्य बारा तासांहून जास्त भरलं. पाण्यात त्याच तापमानाला ते तत्काळ निकामी होतं. घड्या उलगडायलाही पाणी लागतं. ते नसेल तर रेणू ताठ राहतो. गच्चीवर वाळलेल्या मुंगवड्या वर्षभर टिकतात आणि ओल्या राहिलेल्या दोन दिवसांत नासतात, तसंच. म्हणून लाईन गेल्यामुळे फ्रिज बंद पडला, तर उन्हाळ्यात फारसं घाबरू नका. पावसाळ्यात, उघडझाप झालेल्या दमट बाटलीबद्दल घाबरा.

उन्हाळ्यात धोका हेक्झेनकडून आहे. ते ६९ अंशांना उकळतं, म्हणजे मेमधल्या दुपारी भराभर उडतं. बूच सैल असेल तर आकारमान घटतं, आम्लाची तीव्रता वाढते आणि "अभिक्रिया मागे गेली" असं विचित्र रीडिंग मिळतं. रबरी बूच हेक्झेनमध्ये फुगतं, काचेचंच वापरा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि कूलरच्या मोटरची ठिणगी तिला पुरते. शिवाय सतत श्वासातून गेलेलं एन-हेक्झेन हातापायांच्या नसा खराब करतं. जमेल तर हेप्टेन वापरा. ते ९८ अंशांना उकळतं आणि लॉग-पीनेही बरं.

पूड स्वतः बनवली असेल तर

एन्झाईमला शेवटच्या पाण्यातल्या पीएचची आठवण राहते. सेंद्रिय सॉल्व्हंटमध्ये आयनांची देवाणघेवाण होत नाही, त्यामुळे वाळण्याआधी त्याच्या गटांवर जो प्रभार होता तोच गोठून राहतो. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यातून वाळवलेली पूड आणि योग्य पीएचच्या फॉस्फेट बफरमधून वाळवलेली पूड यांच्या वेगात म्हणूनच मोठी तफावत येते. ज्या पीएचला एन्झाईम पाण्यात सर्वांत चांगलं चालतं, त्याच बफरमधून वाळवा. हेक्झेनमध्ये बफरचे थेंब टाकून हे नंतर दुरुस्त होत नाही.

फ्रीज-ड्रायर नसेल तरी अडत नाही. आयआयटी दिल्लीत मुनीश्वरनाथ गुप्ता यांच्या गटाने वाळवण्याऐवजी थंड प्रोपेनॉलमध्ये एन्झाईम साक्यासारखं पाडून, त्याच प्रोपेनॉलने धुऊन वापरण्याच्या पद्धतीवर पुष्कळ काम केलं आहे. यात पूड पूर्ण सुकू दिली जात नाही आणि सुकवण्यात होणारं नुकसान टळतं. बर्फ आणि सेंट्रिफ्यूज एवढ्यावर भागतं.

टायट्रेशनबद्दल थोडक्यात. नमुना थेट ब्युरेटखाली धरू नका. त्यात भरपूर इथेनॉल घाला, म्हणजे हेक्झेन आणि कॉस्टिक एकत्र येतील आणि एन्झाईमही थांबेल. इथेनॉलचं स्वतःचं आम्ल असतं, त्याचा ब्लँक वजा करा. आणि केळीच्या वासाच्या आयसोअमाइल ॲसिटेटसाठी ॲसेटिक आम्ल घेतलं असेल, तर ते लहान आम्ल पुडीवरच्या पाण्यात शिरून एन्झाईम बिघडवतं. अशा वेळी थोडं-थोडं टाका किंवा लांब साखळीचं आम्ल निवडा.

मोहाचं तेल आणि मिथेनॉल

गडचिरोली-गोंदियाकडची पोरं मोहाच्या तेलाचं बायोडिझेल करतात. या तेलात मुक्त आम्ल बरंच असतं, कॉस्टिकने केलं तर साबण होतो, म्हणून लायपेज ही निवड रास्त आहे. तक्रार एकच : पहिल्यांदा थोडं झालं, मग कायमचं बंद.

मिथेनॉल एकदम ओतलेलं असतं. एका रेणू तेलाला तीन रेणू मिथेनॉल लागतं, पण तेलात ते फार थोडं विरघळतं. न विरघळलेल्या मिथेनॉलचे थेंब एन्झाईमवर बसतात आणि ते निकामी होतं. शिमादा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलेला मार्ग आजही सर्वांत सोपा : मिथेनॉल तीन हप्त्यांत द्या, आधीचा हप्ता संपल्याशिवाय पुढचा नाही. हेक्झेनमध्ये हे जमत नसेल तर टर्शरी ब्युटेनॉल घेऊन पाहा. त्यात मिथेनॉलही विरघळतं आणि तयार होणारं ग्लिसरॉलही, आणि लायपेज त्या अल्कोहोलला सहसा हात लावत नाही. हे सॉल्व्हंट लॉग-पीच्या नियमात बसत नाही, पण इथे चालतं. नियम ढोबळ आहे तो असा.

ग्लिसरॉलने माखलेले एन्झाईमचे मणी मेलेले समजून फेकले जातात. ते टर्शरी ब्युटेनॉलने धुऊन, मिठाच्या बरणीत रात्रभर ठेवून पुन्हा लावा. यानंतरही हलले नाहीत, तर ते मिथेनॉलनेच मेले आहेत आणि नवीन बाटली मागवायला हरकत नाही.